सही त्याची होती

(वरूड येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते संत्र्याच्या रोपवाटिकेचा व्यवसाय करतात.)



मला फोन आला तेव्हा विषय सांगितला होता 'कॅन्सर आणि आपला समाज'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला मी डॉक्टर नाही, मौलाना नाही, प्राध्यापकही नाही. शेंदूरजना घाटच्या रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा, रोप तयार करायचं, विकायचं, हे माझं काम. शिक्षण दहावी. म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. चोवीस वर्षांचं पोर आहे, आजार उलटून आलाय, आणि डॉक्टर म्हणतात एक नवा उपचार आहे, त्याची अजून चाचणी चालू आहे, येणार का? अशा वेळी आई-बापाचं काम काय असतं आणि कोणतं नसतं, एवढंच.

हे बोलण्याआधी मी मुलाची परवानगी घेतली आहे. तीन गोष्टी सांगू नका म्हणून त्यानं सांगितलं आहे, त्या सांगणार नाही. त्याचं नावही घेणार नाही. इथं बरेच जण त्याला ओळखतात, तरीही घेणार नाही.

सुरुवात 'प्रयोग' या शब्दापासून करतो, कारण आमच्या घरात सगळी गडबड या शब्दानं केली. बातमी मोहल्ल्यात पोचली ती अशी पोचली, की पोरावर मुंबईत प्रयोग करणार आहेत. माझ्या बागेच्या धुऱ्याला धुरा लागून असलेले एक पाटील आहेत, पंचवीस वर्षांचा शेजार. ते संध्याकाळी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "भाऊ, पोराले उंदीर करून देता काय?" मला राग आला नाही. माणूस चुकीचं बोलत असला तरी त्याच्या मनात काय आहे ते दिसत होतं. आणि ही शंका नुसत्या अडाणीपणातून येते असंही नाही. २०१० च्या आधी आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना लस देऊन चाचणी झाली, तेव्हा संमती कुणाकडून आणि कशी घेतली यावर संसदेच्या समितीनं ताशेरे ओढले. आपल्या शेजारच्या इंदूरमध्ये रुग्णांना नीट न सांगता औषधांच्या चाचण्या झाल्याचं प्रकरण गाजलं. तिथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेनं २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि २०१९ मध्ये नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांचे नियम आले. म्हणजे आज चाचणीतल्या माणसाला जे संरक्षण आहे, ते अशा शंका घेणाऱ्यांनीच मिळवून दिलेलं आहे. पाटलांना मी हे सांगितलं नाही, मला तेव्हा माहीतच नव्हतं. हे सगळं माझ्या मुलीनं नंतर शोधून काढलं. तिच्याबद्दल पुढं बोलणारच आहे.

आता आजाराचं थोडक्यात. २०२० च्या शेवटी मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला. त्याचं लांबलचक नाव अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांमध्ये हा बऱ्याचदा पूर्ण बरा होतो, मोठ्यांमध्ये तेवढा नाही. नागपूरला उपचार झाले, फुले जन आरोग्य योजनेतून बराचसा खर्च निघाला. दोन वर्षं बरी गेली. मुलानं अमरावतीला एमएस्सीला प्रवेशही घेतला होता. २०२२ च्या पावसाळ्यानंतर आजार उलटला आणि नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला मुंबईला टाटाला पाठवलं.

त्या वेळी टाटा मेमोरियल सेंटर आणि आयआयटी मुंबई यांची एक चाचणी चालू होती, कार-टी सेल उपचाराची. भारतातला पहिला रुग्ण त्यांनी ४ जून २०२१ रोजी घेतला होता, टाटाच्याच खारघरच्या केंद्रात, ज्याला अ‍ॅक्ट्रेक म्हणतात. आयआयटीचे डॉ. राहुल पुरवार आणि टाटाचे डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला ही त्यातली पेपरात येणारी नावं. हा उपचार काय आहे हे मला मुलानंच समजावलं, माझ्याच धंद्याच्या भाषेत. म्हणाला, "अब्बा, तुम्ही जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरता ना? तसं समजा. खुंट माझा, डोळा त्यांचा." म्हणजे रुग्णाच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी, टी पेशी, मशीननं वेगळ्या काढायच्या. प्रयोगशाळेत नेऊन त्यांच्यात एक नवीन जनुक बसवायचं, म्हणजे कॅन्सरच्या पेशीवर सीडी१९ नावाची जी खूण असते ती त्यांना ओळखता येते. मग त्या वाढवायच्या आणि परत त्याच माणसाच्या शिरेत सोडायच्या. दुसऱ्या कुणाला त्या चालत नाहीत. रोपवाटिकेत माझी हजारो रोपं एकसारखी असतात, इथं एका माणसासाठी एकच रोप.

यावरून घरात दोन वादळं आली. एक फूफीजान म्हणाल्या, दुसऱ्याची पेशी अंगात घेणं जायज आहे का, विचारून घ्या. पेशी त्याच्याच आहेत म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. दुसरं वादळ मोठं होतं. ते जनुक पेशीत पोचवायला जो विषाणू वाहन म्हणून वापरतात, तो एचआयव्हीच्या कुळातला असतो. त्यातला रोग करणारा भाग काढून टाकलेला असतो, त्यानं एड्स होत नाही. हे संमतीच्या कागदात स्पष्ट लिहिलेलं होतं. पण कुणीतरी तो कागद अर्धाच वाचला आणि आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं की पोराला एड्सचा जंतू टोचणार आहेत. माझी बायको दोन दिवस जेवली नाही. तिला समजावलं ते मी नाही, डॉक्टरांनीही नाही. मुलगा आईजवळ बसला, फोडणीच्या मिरचीचं देठ आणि बिया काढून टाकल्या आणि म्हणाला, "अम्मी, आता चावून बघ." आता मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून शीरही काढली होती. तिनं चावलं आणि हसली.

आता मुद्द्यावर येतो. अठरा वर्षांच्या आतलं मूल असेल तर चाचणीसाठी आई-बाप सही करतात आणि सात वर्षांच्या वरच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचा होकार घ्यावा लागतो. अमेरिकेत २०१२ साली लहान मुलांमध्ये पहिल्यांदा हा उपचार एमिली व्हाइटहेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला दिला गेला, तेव्हा निर्णय तिच्या आई-बापाचा होता. ती मरता मरता वाचली. त्यांची गोष्ट जगभर सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण आमची गोष्ट तशी नव्हती. आमचा मुलगा चोवीसचा. कागदावर माझ्या सहीला जागाच नव्हती. मी पेन खिशातून काढला होता, तो परत ठेवला.

आपल्याकडं हे पचत नाही. पोरगं कमावत नाही, लग्न झालेलं नाही, तोवर त्याचे निर्णय बापाचे, अशी आपली रीत. आजारात तर जास्तच. 'त्याला काही सांगू नका, त्याची हिंमत खचेल' हे वाक्य मी नागपूरच्या वॉर्डात किती वेळा ऐकलं असेल. पण ज्याला आजार काय आहे तेच सांगितलं नाही, तो संमती कशाला देणार? कायदा म्हणतो सही त्याची. मग बाप काय करणार?

मी जे केलं ते सांगतो. पहिलं, कागद. आम्ही घरात आपली वऱ्हाडी मिसळलेली हिंदी बोलतो, पण लिहिलेलं वाचतो मराठीत. संमतीपत्र मराठीत मिळालं, ते मिळालंच पाहिजे, नियमच आहे. रुग्णाला समजेल अशी भाषा हवी आणि त्याची एक प्रत त्याच्या हातात हवी. पण ती मराठी! 'प्रतिकूल घटना', 'अन्वेषणात्मक उपचार', 'अनुवर्ती भेट'. दहावी शिकलेल्या माणसाचं सोडा, एमएस्सीच्या पोरालाही दोनदा वाचावं लागलं. माझी मुलगी तेव्हा बीएडला होती. तिनं वही घेतली आणि प्रत्येक पानाचं आपल्या बोलीत लिहून काढलं. 'प्रतिकूल घटना' म्हणजे 'औषधानं किंवा औषधाच्या काळात झालेला कोणताही त्रास'. असं करता करता बावीस प्रश्न निघाले. ते डॉक्टरांपुढं ठेवले. मला वाटलं होतं डॉक्टर चिडतील. ते खुर्ची ओढून बसले आणि पाऊण तास बसले. शंभरातले किती बरे होतात, किती दिवस बरे राहतात, त्रास काय होतात, यानं मृत्यू होऊ शकतो का. हो, होऊ शकतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. आणि हेही सांगितलं, की चाचणी असल्यामुळं काही प्रश्नांचं उत्तर त्यांच्याकडंही अजून नाही. मला ते उत्तर आवडलं. कलमाच्या नव्या जातीबद्दल जो माणूस पहिल्याच वर्षी 'शंभर टक्के' म्हणतो, त्याचं रोप मी घेत नाही.

त्या कागदात एक रकाना आहे, तो कुणाला लवकर दिसत नाही. चाचणीमुळं मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची, त्या वारसाचं नाव, पत्ता, नातं. आधी शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि मग हे. मुलानं उत्पन्नात 'नाही' लिहिलं आणि वारसाच्या जागी बहिणीचं नाव लिहिलं. मी समोर बसलो होतो. मी काही बोललो नाही. बाहेर येऊन चहा घेतला तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्ही ते पैसे घेतले नसते. ती घेईल, आणि शिकेल." खरं होतं ते.

दुसरं काम मला बाहेर बसायचं होतं. औषधांनी पुढं मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, त्याबद्दल आधी काय करून ठेवता येतं, हे डॉक्टरांना मुलाशी बोलायचं होतं. मी तिथं असताना तो बोलला नसता आणि मीही ऐकू शकलो नसतो, ज्या घरात मी वाढलो तिथं बाप-लेक असं बोलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, चाचा, जरा बाहेर बसता का? मी बसलो. त्यांचं काय बोलणं झालं हे मला आजही माहीत नाही आणि ते तसंच असायला पाहिजे. त्याची मंगनी झालेली होती. सगळे म्हणत होते मुलीकडच्यांना कळू देऊ नका. त्यानं स्वतः फोन लावला आणि सांगितलं. पुढं काय झालं ती त्या मुलीचीही गोष्ट आहे, म्हणून थांबतो.

तिसरं काम मला सगळ्यात अवघड गेलं. आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरलो होतो. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. वरूडहून गेलेल्या मुसलमान बाप-लेकाला मुंबईत पहिला आसरा मिळाला तो त्यांच्या नावाच्या घरात. रात्री तिथं व्हरांड्यात मुलगा म्हणाला, "अब्बा, मी नाही म्हटलं तर?"

तोपर्यंत सगळं जग त्याला 'हो' म्हणायला सांगत होतं किंवा मोहल्ला त्याला घाबरवत होता. 'नाही' म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. ते मी दुसऱ्या दिवशी विचारून आलो. तो नाही म्हणाला तर तुम्ही त्याला बघणं बंद कराल का? नाही, चाचणी नाकारली किंवा मधूनच सोडली तरी नेहमीचे उपचार चालूच राहतात, तो त्याचा हक्क आहे. मग दुसरं काय आहे? दुसरी केमो आहे, तिचा उपयोग इतका. आणि तीही नको असेल तर वेदना कमी करणारे, घरी राहून घ्यायचे उपचार आहेत, ते इथं मिळतात, तुमच्या बाजूला नागपूरला मिळतात. तिथं मॉर्फिन कुठं मिळतं, किती दिवसांनी जावं लागतं, हेसुद्धा मी लिहून आणलं. बापानं आपल्या हातानं हे लिहायचं म्हणजे काय, ते मी सांगत बसत नाही. पण 'नाही'चा रस्ता खरा असल्याशिवाय 'हो'ला किंमत नसते. मी त्याला दोन्ही कागद दिले आणि सांगितलं, तू यातला कोणताही उचल, मी सोबत आहे, तुझ्या अम्मीला मी सांभाळतो. त्यानं तीन दिवस घेतले. मग सही केली.

पुढचं पटकन सांगतो. एक दिवस चार-पाच तास मशीनला लावून पेशी काढल्या. त्या तयार होईपर्यंत वाट बघायची, मधे आजार वाढू नये म्हणून औषध. मग तीन दिवस केमो, जुन्या पेशी कमी करून नव्यांना जागा करायला. आणि मग ज्या दिवसासाठी एवढं सगळं केलं, त्या दिवशी एक लहानशी पिशवी आली आणि काही मिनिटांत संपली. बायको म्हणाली, "बस? इतकंच?" खरा खेळ त्यानंतर. ताप येतो, रक्तदाब पडतो, कारण पेशी कामाला लागलेल्या असतात. आमच्या मुलाला चौथ्या दिवशी १०३ ताप आला. यावर जे औषध वापरतात ते मुळात संधिवाताचं आहे, एमिली त्याच औषधानं वाचली होती. मेंदूवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून सिस्टर रोज येऊन विचारायच्या, हे कोणतं वर्ष, कोणता महिना, कोणतं शहर. शंभरपासून दहा-दहा कमी करत मोजा. आणि कागदावर एक वाक्य लिहा. अक्षर बिघडलं तर ती पहिली खूण असते. तो रोज एकच वाक्य लिहायचा, 'मृग बहाराला ताण दिला का?' मे महिना नव्हता, काही नव्हतं. सिस्टर केरळच्या, त्यांना काही कळेना, त्या फक्त अक्षर बघायच्या. मी दुरून अक्षर बघायचो. ते शेवटपर्यंत सरळ राहिलं.

त्या दिवसांत कच्चं, न शिजवलेलं खाणं बंद. आणि आमच्या एका नातेवाइकांनी रेल्वेनं चार पेट्या संत्री पाठवली. धर्मशाळेत वाटून टाकली.

आता तुमच्याशी, तुमच्या वयाच्या पोरांशी, दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक पैशाची. चाचणीत त्या उपचाराचे पैसे घेत नाहीत, संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो. हाच उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं मंजूर केला, नेक्सकार-१९ या नावानं, आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीत त्याचं उद्घाटन केलं. बाजारात आला तेव्हा किंमत ४० लाखांच्या पुढं होती. परदेशात तीन-चार कोटी लागतात म्हणून हा स्वस्त, हे बरोबरच आहे. पण वरूडमध्ये ४० लाख म्हणजे किती एकर, याचा हिशोब करा. आम्ही चाचणीत होतो म्हणून ते वाचलं. तरीही खारघरला जवळ राहायलाच पाहिजे होतं, दोन महिन्यांचं खोलीभाडं, प्रवास, जेवण, आणि इकडं रोपवाटिका बंद. आंबिया बहार मी झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकला, जो भाव म्हणाला त्या भावानं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं लागत नाही, सोबतच्या माणसाला त्या वर्गात ७५ टक्के सूट असते. हे आम्हाला तिसऱ्या खेपेला कळलं, तेही बडनेऱ्याला एका अनोळखी बाईंनी सांगितलं. तुमच्यातल्या कुणी गावातल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी जाऊन एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

आणि ज्या 'नवीन उपचारा'साठी कुणी लाखो रुपये आधी मागतो आणि कागद देत नाही, ती चाचणी नव्हे. देशातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, २००९ पासून सक्ती आहे. तिचा नंबर असतो आणि तो कुणालाही मोबाईलवर बघता येतो. नंबर मागा. आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका घरानं स्टेम सेलच्या नावाखाली शेत विकलं आहे. नंबर कुणी मागितला नव्हता.

दुसरी गोष्ट मदतीची. मोहल्ल्यातल्या पोरांनी आमच्यासाठी पैसे जमवायचं ठरवलं. नीयत साफ होती. पण त्यांनी मुलाचा नळ्या लावलेला फोटो पोस्टरवर टाकला, खाली 'ज़कात का बेहतरीन मसरफ़' आणि माझा खातेनंबर. वॉर्डातून मुलानं त्या पोरांना फोन केला. म्हणाला, "भाईजान, माझा आजार आहे, माझा चेहरा आहे. मला विचारायचं तरी." त्यांनी तासाभरात काढून टाकलं. आणि त्यानंतर त्याच पोरांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांच्यातले दोघं नवी मुंबईत कामाला होते. मुलाला प्लेटलेट लागायच्या. त्या पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, साठवून ठेवता येत नाहीत, माणूसच लागतो. त्या दोघांनी वऱ्हाडातली, खानदेशातली, मिळतील ती पोरं गोळा करून यादी केली, कोण कोणत्या दिवशी येऊ शकतो. त्यात एक वरूडचा माळ्याचा मुलगा होता, तो रात्रपाळी करून थेट आला. फोटो नाही, पोस्टर नाही. पैशाची मदतही झाली, तीही गुपचूप झाली.

आता मुलीबद्दल. अठ्ठावीस दिवसांनी बोनमॅरो तपासला, त्यात आजार दिसला नाही. घरात ईद झाली. पण डॉक्टर म्हणाले, हा उपचार काही जणांत टिकतो, काही जणांत आजार परत येतो. आत्ता आजार दबलेला आहे तेव्हाच भावंडाचा बोनमॅरो बसवला तर फायदा होऊ शकतो. मुलीचा जुळला. आणि मी बघितलं, की सगळं घर धरूनच चाललं होतं. फूफी, मामू, शेजारी, सगळे तिला म्हणायचे, नशीबवान आहेस, भावाच्या कामी येतेस. तिला येतेस का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. तिची बीएडची परीक्षा त्याच महिन्यात होती. मुलाच्या सहीबद्दल एवढं बोलणारे आम्ही, मुलीच्या सहीचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. रुग्णालयात पद्धत चांगली होती, देणाऱ्याला वेगळे डॉक्टर भेटतात, एकटीला भेटतात. त्याआधी मी तिला तेच सांगितलं जे तिच्या भावाला धर्मशाळेत सांगितलं होतं. तू नाही म्हणालीस तर मी घरात सांगेन की जुळला नाही, आणि तो विषय तिथं संपेल. ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "अब्बा, मी देणारच आहे. पण तुम्ही विचारलं ते बरं केलं." परीक्षा तिनं पुढच्या सत्रात दिली. आता ती शिकवते.

मुलगा आज इथं नाही, अमरावतीला असतो. दोन वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, प्रतिकारशक्ती कमी आहे, सर्दी झाली तरी आम्ही दचकतो. तो बरा झाला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. २०२५ मध्ये या चाचणीचे आकडे लॅन्सेट हेमॅटॉलॉजी नावाच्या मासिकात छापून आले. एकूण ६४ रुग्ण, ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यातल्या सुमारे ७३ टक्क्यांना उपयोग झाला. उपचारामुळंच दोघांचा मृत्यू झाला. मुलानं मला ते वाचून दाखवलं. उरलेले सत्तावीस टक्के म्हणजे कोण, हे मला वाचून दाखवायची गरज नव्हती. खारघरला आमच्या शेजारच्या खोलीत मराठवाड्यातलं एक कुटुंब होतं, त्यांचं पोरगं एकवीस वर्षांचं. पेशी दिल्या, ताप आला, ताप गेला, आणि आजार तसाच राहिला. त्या पोराला घरी जायचं होतं. त्याचा बाप म्हणत होता अजून काहीतरी करू, आणि शेवटी बाप त्याला घेऊन घरी गेला. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. ते म्हणाले, शेवटचे पंधरा दिवस तो अंगणात खाटेवर होता, बैलजोडी बघायचा, दुखणं कमी होतं. दर दिवाळीला मी त्यांना फोन करतो, ईदला त्यांचा येतो. त्यांच्या मुलानं सही केली म्हणून त्या आकड्यात तोही आहे, आणि पुढं ज्याला हा उपचार मिळेल त्याच्या डॉक्टरांना त्याच्यामुळं थोडं जास्त माहीत असेल. हे मी त्याच्या बापाला म्हणालो नाही. ते त्यांनीच मला सांगितलं.

बराच वेळ घेतला. एक काम राहिलं. आम्ही तेव्हा जे बावीस प्रश्न काढले होते, त्यातले दहा माझ्या मुलीनं सोप्या मराठीत एका कागदावर लिहून आणले आहेत. चाचणीत जायचं असो, ऑपरेशन असो, कोणताही मोठा उपचार असो, सही करण्याआधी विचारायचे. मागच्या पानावर सीटीआरआयचा नंबर कसा बघायचा आणि रेल्वे सवलतीसाठी कोणता दाखला लागतो ते लिहिलं आहे. ती मागं टेबलाजवळ बसली आहे. झेरॉक्स चाळीसच काढल्या होत्या आणि तुम्ही जास्त आहात, तर मोबाईलवर फोटो काढून घ्या. त्यातलं कोणतं मराठी वाक्य समजलं नाही तर तिला आजच सांगा, ती बदलून देईल.